मदत हवी आहे: मेंदूला रेडिएशन, सांधे मात्र सुजले

आई, वय 61. स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलाय. पूर्ण मेंदूला 10 बैठकांत 30 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन झालं, संपून तीन आठवडे झाले. आमवात जुना आहे. त्यावरचं औषध मेथोट्रेक्झेट रेडिएशनआधीच बंद केलं, दोन्ही मिळून मेंदूला इजा होऊ शकते म्हणून.

गंमत म्हणजे रेडिएशन चालू असताना बोटं इतकी मोकळी झाली की बांगड्या स्वतः चढवायची. तेव्हा डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) 4 मिग्रॅ दिवसातून दोनदा होतं. आता उतरवत दिवसाला 2 मिग्रॅवर आणलंय आणि मनगटं पुन्हा फुगलीत. सकाळी दुधाची पिशवीही कापता येत नाही. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) 9 वरून 48. ताप नाही, लघवी, छातीचा एक्स-रे ठीक.

मला स्टेरॉइड कमी झाल्याचाच संशय आहे. पण रेडिएशननंतर मेंदूतली सूज वाढवणारी रसायनं रक्तातही येतात, असं वाचलं. कॅन्सरचे डॉक्टर सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ते परत यांच्याकडे. डोस आम्ही मनाने बदलणार नाही.

मेंदूच्या रेडिएशनने लांबचे सांधे भडकतात का? की हे स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्झेटचंच? ते वेगळं ओळखायला सोमवारच्या भेटीत नेमकं काय विचारू?