युक्रेनला वापरलेले जनरेटर पाठवायचेत, कागदपत्रांबाबत मदत हवी आहे

आम्ही वॉर्सातली काही मराठी मंडळी खार्किवसाठी सामान जमवतोय: वापरलेले पेट्रोल जनरेटर, पॉवर बँका, स्लीपिंग बॅगा. औषधं मुद्दामच घेतली नाहीत, त्यांची भानगड वेगळी. ल्विव्हची एक नोंदणीकृत संस्था सामान घेईल. युक्रेनच्या ऑनलाइन प्रणालीत मानवतावादी मदतीचं घोषणापत्र तीच भरणार आहे. आमचे पासपोर्ट भारतीय, म्हणून मेदिकाची (पोलंड-युक्रेन) सीमा आम्ही ओलांडणार नाही. संस्थेचा ड्रायव्हर पोलंडच्या बाजूला, सीमेजवळच्या प्शेमिश्ल शहरात येऊन माल उचलेल. सामानाची यादी पोलिश आणि युक्रेनियनमध्ये तयार आहे, पण जनरेटरची बिलं कुणाकडेच नाहीत. एका कस्टम्स एजंटला विचारलं, तर उत्तर गोलमोल.

अलीकडे कुणी असं सामान पाठवलंय का? यादीत अंदाजे किंमत लिहिलेली चालते का? आणि पोलंडच्या बाजूची निर्यात-नोंद कुणाच्या नावे करायची, आमच्या की संस्थेच्या?