गाडीच्या एसीचा कंडेन्सर घरी बदलायचा तर आधी गॅसचं बघा

वरती एकांनी लिहिलंय की कंडेन्सर (गाडीच्या पुढच्या बाजूची, एसीचा गॅस थंड करणारी जाळी) म्हणजे काय, चार बोल्ट काढायचे, नवा बसवायचा आणि गॅस मारायचा, झालं. बोल्टपर्यंत ठीक आहे हो, पण लाईन उघडायच्या आधी आतला गॅस तो काढायचं मशीन असलेल्या एसीवाल्याकडून काढून घ्या, तसाच हवेत सोडू नका, आर-१३४ए (एसीतला गॅस) उणे २६ डिग्रीला उकळतो त्यामुळे बोटावर फवारा आला तर कातडी गोठते, आणि डोळ्याला गॉगल हवाच.

दुसरं म्हणजे लाईन उघडली की लगेच दोन्ही तोंडं बूच लावून बंद करा. आतलं पॅग ऑइल (कॉम्प्रेसरचं वंगण) हवेतली ओल स्पंजसारखं ओढतं, आणि पावसाळ्यात कोकणात वगैरे तर बोलायलाच नको. म्हणूनच ड्रायर (लाईनमधली ओल शोषणारा डबा) नवा टाकायचाच, तिथे पैसे वाचवू नका (बऱ्याच नव्या गाड्यांत तो कंडेन्सरलाच जोडलेला येतो). ओ-रिंग (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) पण सगळ्या नव्या, एसीच्याच घ्या, साध्या काळ्या नळाच्या नकोत, आणि बसवताना त्याच ऑइलचं बोट फिरवा, कोरडी रिंग पिळवटते आणि मग तिथूनच गळतं. जुना जॉइंट तेलकट आणि धुळीने काळा दिसला तर समजा लीक तिथेच होता.

नंतर अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने लाईनमधली हवा ओढून काढायची, मग पंप बंद करून गेजचा काटा हलतो का बघा, हलला तर गॅस भरूच नका. गॅस वजनावर, बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. अंदाजाने जास्त भरला तर कुलिंग उलट कमी होतं.

कुलिंग कॉइलच्या (आतली हवा गार करणारा भाग) भानगडीत मात्र घरी पडू नका, बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.