मदत हवी आहे: बंदरावरच्या बायकांना साथीच्या आजारांबद्दल नेमकं काय आणि कसं विचारावं?

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातली, हर्णैजवळची. बायकांना साथीच्या आजारांची माहिती किती आणि त्यातलं त्या पाळतात किती, याची पाहणी आमच्या आशाताईंना करायची आहे. प्रश्न लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नमुना म्हणून एक छापील प्रश्नावली मिळाली, पण ती इथे चालेलसं वाटत नाही.

कारण त्यातली उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. हात किती वेळ धुवायचे? २० सेकंद! कोयतीवर सुरमई कापता कापता काकी मान वर न करता सांगतात. पैकीच्या पैकी मार्क. पण कळलं काय त्यातून?

मासळीच्या लिलावाची वेळ आठवा. ओरडल्याशिवाय भाव पोचत नाही, म्हणून मास्क हनुवटीवर. हात खवल्यांनी माखलेले. त्याच हातांनी तो वर ओढला की ओलाचिंब, मग श्वास घेववत नाही. सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या की पुष्कळींकडे. पण ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलं तरी मळलेल्या, तेलकट हातांवर ते नीट काम करत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. समोर अख्खा समुद्र, आणि खाऱ्या पाण्यात साबणाला फेस धड येत नाही. गोडं पाणी मे महिन्यात कुठून आणायचं, हा प्रश्न त्या छापील कागदावर नाही.

लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) तेच. उंदराच्या मुतातून होतो, पायाच्या भेगांतून शिरतो, हे लावणी करणाऱ्या बायकांना माहीत असतं. पण तो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीसाठी उपकेंद्रात जायचं तर तेवढी मजुरी बुडते. शिवाय गरोदर बाईने ती गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, हे किती जणींना ठाऊक आहे कोण जाणे. हे मात्र विचारायलाच हवं.

आता माझी अडचण. 'हात धुता का?' याऐवजी 'काल पाटी उतरवल्यावर आधी कशाला हात लावलात?' असं विचारलं तर खरं उत्तर येईल का? की बायकांना ती उलटतपासणी वाटेल? दुसरं, घरात ताप आला तर माणसाला वेगळं ठेवायचं की नाही, हे सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सून खरं सांगेल असं मला वाटत नाही. २०२० च्या गणपतीत चाकरमान्यांना कुठे उतरवायचं हेही घराघरांत बायकांना विचारून थोडंच ठरलं होतं! मग 'माहिती आहे का' आणि 'ठरवतं कोण' हे वेगवेगळं कसं नोंदवायचं?

कुणी अशी पाहणी मालवण, देवगड, श्रीवर्धनकडे केली असेल तर प्रश्न कसे मांडलेत ते प्लीज सांगा. तयार नमुना असेल तर सोन्याहून पिवळं. सध्या पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर शाकारून (झाकून) ठेवलेल्या आहेत म्हणून बायका घरी सापडतात. एकदा नारळी पौर्णिमा झाली की कुणी हाताला लागायचं नाही.