फडके वाचून कुणाचं काय बिघडलं?

शेवटचं पान : परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की ना. सी. फडके म्हणजे टेनिसची रॅकेट, मोटार आणि घाऱ्या डोळ्यांची नायिका. त्यांच्या सत्तरेक कादंबऱ्या रद्दीत गेल्या तरी मराठीचं काही अडणार नाही. तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे. माझी आजी चौथी शिकलेली. मिरजेच्या वाड्यात दुपारी सासूबाई लवंडल्या की तांदळाच्या डब्यातून 'दौलत' बाहेर निघायची. पानांना बोरिक पावडरचा वास! वाचायची चटक तिला फडक्यांनी लावली. हरिभाऊ आपटे, विभावरी शिरूरकर यांच्या कादंबऱ्या, हे सगळं नंतर. शिवाय गोष्ट बांधायची कशी, हे 'प्रतिभासाधन'मध्ये १९३१ सालीच त्यांनी उघड करून ठेवलंय. आजच्यांना कादंबरी कुठे थांबवावी एवढं तरी कळतं का?

निर्विकार : 'कुणीतरी' कशाला, मीच लिहिलं होतं. चटक तंबाखूचीही लागते. सगळा देश पेटलेला, आणि यांच्या कादंबरीत चळवळ येणार ती नायक-नायिकेची ताटातूट घडवायला. पहिली 'अल्ला हो अकबर' तर मारी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली. त्यापेक्षा वि. स. खांडेकर परवडले.

कोल्हापूरकर : खांडेकर परवडले? उपमा मोजता मोजता जेवण गार होतं! दोघेही आमच्याच गावात नांदले. १९४० ला रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष फडके, पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर. आजोबा राजाराम कॉलेजचे. सांगायचे, मेसमध्ये 'कलेसाठी कला' म्हणणारे फडक्यांचे कलावाले आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे खांडेकरांचे जीवनवाले वेगळ्या पंगतीला बसत, मीठसुद्धा एकमेकांकडे सरकवत नसत.

सायलीची आई : चालू द्या तुमचं कला आणि जीवन. पहिली बायको हयात असताना विद्यार्थिनीशी लग्न केलं, ते कोण बोलणार? जगाला प्रीतिविवाहाची गोडी लावायची, आणि मनोरमाबाईंनी काय करायचं?

शेवटचं पान : तेव्हा तो गुन्हा नव्हता. पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला मुंबई प्रांतात बंदी आली १९४६ ला. आणि दुसऱ्या पत्नी कमलाबाई स्वतः लेखिका होत्या, कुणी पळवून नेलेल्या नव्हत्या.

सायलीची आई : कायदा नव्हता म्हणजे दुखलंही नसेल, असंच ना? माझ्या मावशीच्या नवऱ्याने दुसरं घर केलं. मावशीने पुढची चाळीस वर्षं कुंकू लावून एकटीने काढली. ती गेल्यावर ट्रंक उघडली, तर लग्नातला शालू घडीही न मोडलेला, मध्ये डांबरगोळ्या. आणि काका म्हणायचे, "प्रेम झालं, त्याला काय करणार!" हे वाक्य त्यांनी कुठून उचललं असेल?

निर्विकार : कादंबरीतूनच. म्हणजे माझंच म्हणणं.

सायलीची आई : तुमचं नाही हो! तुम्ही रॅकेटवरच अडकलात. माझं भांडण माणसाशी आहे.

कोल्हापूरकर : याच माणसाने १९२०च्या दशकात संततिनियमनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, प्रस्तावना खुद्द मार्गारेट सँगरची, अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ उभारणाऱ्या बाईंची. त्या काळात संततिनियमनाच्या प्रचारापायी र. धों. कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, आठवतंय ना? याचे दोन गुण तरी द्याल की नाही?

सायलीची आई : एक देते. ते पुस्तक सुप्रजननाचं. मुलं कुणाला व्हावीत आणि कुणाला नकोत, हे प्राध्यापकांनी ठरवायचं. वा!

शेवटचं पान : मावशीचं वाचून गप्प झालो, खोटं कशाला बोलू. पण आजीचा डबा मागे घेणार नाही.

निर्विकार : बरं, चिडून काल वाचनालयातून 'दौलत' आणली. ठिसूळ झालीय, पान उलटताना कोपरा हातात येतो. रात्रीचे दोन वाजले तरी दिवा चालू होता. यातून कुणी काही अर्थ काढू नये.

शेवटचं पान : शेवटचं पान आहे का त्यात, ते आधी बघा. आजीच्या प्रतीत नव्हतं. माझं इथलं नाव त्यावरूनच.