नेब्रास्काने कॉन्फरन्स बदलली म्हणून जुन्या टायटलचं वजन कमी होतं का?

लिंकनवाली
प्रश्न अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आहे, हेल्मेटवाल्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज टीमचा गट), ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल पुढे जा.

आम्ही नव्वदच्या दशकात लिंकनला, म्हणजे नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या गावात होतो, नवऱ्याचं मास्टर्स तिथलं. तेव्हाची नेब्रास्का म्हणजे काय सांगू, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन नॅशनल टायटल चार वर्षांत, कोच टॉम ऑस्बोर्न म्हणजे गावाचा देवच, शनिवारी भाजी आणायची तर मॅच चालू असताना जायचं कारण रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मला खेळ कळायला दोन सीझन गेले पण एकदा कळल्यावर सुटला नाही.

आता मुलगा मिशिगनला शिकतो आणि त्याच्या रूमवरच्या पोरांचं म्हणणं की नेब्रास्का म्हणजे मधल्या फळीतली टीम, पूर्वी जिंकायचे ते हलक्या कॉन्फरन्समध्ये, बिग टेन या आताच्या कॉन्फरन्समध्ये २०११ ला आल्यापासून एक कॉन्फरन्स टायटल नाही यातच सगळं आलं. माझं डोकंच फिरलं. पण नंतर वाटलं की हे खरंच होतं का? टीमने कॉन्फरन्स बदलली की तिचा जुना इतिहास नव्या शेजाऱ्यांच्या मापाने मोजला जातो? का आपल्यालाच उगाच लागतंय?

जुना_हस्कर
ताई, हलकी कॉन्फरन्स?? त्या पोरांना १९७१ चा शेवटचा एपी पोल (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) दाखवा. एक नंबर नेब्रास्का, दोन ओक्लाहोमा, तीन कोलोराडो. तिन्ही बिग एटच्या, म्हणजे आपल्या तेव्हाच्या कॉन्फरन्सच्या. आणि नेब्रास्काने त्या सीझनला बाकीच्या दोघांनाही हरवलेलं.

ओक्लाहोमाची मॅच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी नॉर्मनला, त्यांच्या घरात, एक नंबर विरुद्ध दोन नंबर. सुरुवातीलाच आपल्या जॉनी रॉजर्सने पंट (समोरच्यांनी लाथेने लांब मारलेला बॉल) पकडला, पहिल्याच धडकेत पडता पडता वाचला, हात टेकला आणि ७२ यार्ड पळून थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे, टचडाऊन. पुढे ओक्लाहोमा दोनदा पुढे गेली. शेवटी दीडेक मिनिट उरलं असताना आपल्या जेफ किनीने चौथा टचडाऊन केला तेव्हा कुठे ३५-३१ झालं. यूट्यूबवर आहे, बघाच.

आता मुद्द्यावर येतो. सगळे २०११ ला शिव्या देतात पण मला विचाराल तर घाव १९९६ लाच बसला. साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली, तिथल्या टेक्सासच्या चार टीम बिग एटला जोडल्या आणि बिग ट्वेल्व्ह झाली. मग दोन गट पाडले, नेब्रास्का उत्तरेला आणि ओक्लाहोमा दक्षिणेला, दोन वर्षं खेळायचं दोन वर्षं सुट्टी. १९२८ पासून १९९७ पर्यंत एकही वर्ष चुकलं नव्हतं हो ही मॅच, महायुद्धातसुद्धा नाही. १९९८ ला पहिल्यांदा झाली नाही, आणि ती मोडली शेड्यूल बनवणाऱ्यांनी.

पुस्तकातली टायटल कोणी काढून नेत नाही, पाच आहेत ती पाचच राहणार. पण ओक्लाहोमातल्या म्हाताऱ्याला रॉजर्सचा तो पंट अजून झोंबतो, तो नातवाला शिव्या देत देत सांगतो, त्यामुळे ती मॅच जिवंत आहे. आपण आता न्यू जर्सीच्या रटगर्सशी खेळतो. रटगर्सवर राग नाही, १८६९ ची पहिली मॅच खेळलेली टीम आहे ती, पण तिथल्या माणसाला १९७१ शी काय घेणंदेणं? जोवर दर वर्षी मॅच व्हायची तोवर आपला इतिहास समोरचाच सांगायचा. आता सगळं आपणच आपलं सांगायचं, आणि आपलं आपण सांगितलं की लोकांना फुशारकी वाटते.

आकडेबाज
दादा भावना समजल्या, पण कॉन्फरन्सच्या माथी सगळं मारू नका.

नेब्रास्काचा पहिला लुझिंग सीझन १९६१ नंतर थेट २००४ ला आला, ५-६. तेव्हा कुठे होती टीम? बिग ट्वेल्व्हमध्येच. त्याआधी २००३ ला कोच फ्रँक सोलिचला ९ जिंकून ३ हरल्यावर घरी पाठवलं, नऊ मॅच जिंकणं तेव्हा कमी वाटायचं बघा. शेवटचं कॉन्फरन्स टायटल १९९९ चं, म्हणजे निघायच्या आधीची दहा वर्षं पण कोरडीच. उलट बिग टेनमध्ये आल्यावर पहिली चार वर्षं कोच बो पेलिनीने दर सीझनला किमान नऊ जिंकून दिल्या, २०१२ ला टायटल मॅचपर्यंत गेले. तिथे विस्कॉन्सिनने ७०-३१ ने धुतलं तो भाग वेगळा. पेलिनीला पण काढला २०१४ ला, आणि मग जे रामायण सुरू झालं ते आपण सगळे बघतोय, २०१७ ते २०२३ एकही बाउल गेम (सीझननंतरची मानाची मॅच) नाही.

एवढं मान्य की टेक्सासमधली पोरं घ्यायला सोपं जायचं कारण दर वर्षी तिकडे मॅच असायची, आईबाप गाडीने येऊन बघायचे, ते गेलं. पण ओक्लाहोमाने बिग ट्वेल्व्हची १४ टायटल मारली ना, त्यांचं पण बिग एट मोडलंच होतं की. चांगला कोच मिळाला की कोणी विचारत नाही कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहात.

मिझूरीचा_माणूस
सेंट लुईसवरून नमस्कार. नेब्रास्कावाल्यांनो तुमचं ९७ चं टायटल आमच्या गावात एका लाथेवर उभं आहे हे विसरू नका!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नोव्हेंबर १९९७, कोलंबिया, मिझूरी. नेब्रास्का एक नंबरवर आणि आम्ही ३८-३१ पुढे, शेवटचे सात सेकंद. त्यांच्या स्कॉट फ्रॉस्टने एंड झोनमध्ये (टचडाऊनच्या पट्ट्यात) बॉल टाकला, शेव्हिन विगिन्सच्या हातातून आमच्या पोराने तो सोडवला, बॉल खाली जातोय, आणि विगिन्सने पाठीवर पडता पडता पायाने तो वर उडवला. त्यांचाच मॅट डेव्हिसन मागून सूर मारून आला आणि गवताच्या बोटभर वर त्याने तो पकडला. घड्याळात शून्य. आमची पोरं जिंकलो समजून मैदानात शिरली होती, परत फिरवावी लागली. ओव्हरटाइममध्ये ४५-३८ हरलो.

आमच्याकडे हे इतकी वर्षं झाली तरी सांगतात, मुद्दाम पाय मारला, फाउल द्यायला हवा होता वगैरे वगैरे. जुना_हस्कर म्हणतात ते खरंय, तुमचं टायटल आम्ही सांभाळलंय, चिडून का होईना. पण आम्हीच २०१२ ला एसइसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये गेलो. आता इथल्या कॉलेजच्या पोराला विचारा, त्याचं वैर आर्कान्सॉशी आणि साउथ कॅरोलायनाशी, नेब्रास्का म्हणजे त्याच्यासाठी आयोवाच्या पलीकडचं काहीतरी.

आणि कॅन्ससचं तर विचारूच नका. १८९१ पासूनची मॅच, सिव्हिल वॉरच्या आधीच्या सीमेवरच्या मारामाऱ्यांपर्यंत मुळं जाणारं वैर. आम्ही एसइसीला निघालो म्हणून ते रुसले ते थेट २०२५ ला खेळले. ४२-३१ जिंकलो. तेव्हा कुठे कळलं की १४ वर्षांत काय हरवलं होतं, कारण शेजारच्या चाळिशीच्या माणसाच्या डोळ्यात पाणी आणि त्याच्या मुलाला कळेना बाबा का रडतोय.

स्टेट_कॉलेजकर
आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या पेन स्टेटबद्दल कोणी बोललं नाही अजून, कारण माझ्या मते कॉन्फरन्समुळे टायटल गेल्याचं याहून चोख उदाहरण नाही.

आधी हे लक्षात घ्या की या स्तरावर एनसीएए (कॉलेज खेळांची देशभराची संस्था) स्वतः चॅम्पियन ठरवत नाही. प्लेऑफ यायच्या आधी तर पत्रकार आणि कोच मत द्यायचे, जास्त मतं तो चॅम्पियन. त्यामुळे कोणाशी खेळलात आणि कोणाशी खेळताच आलं नाही याला फार किंमत होती.

१९८६ चा सीझन. पेन स्टेट कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही आणि मायामी पण नाही. दोघेही न हरलेले. बांधिलकी कोणाशी नाही म्हणून फिएस्टा बाउलने दोघांना सरळ बोलावलं, पेन स्टेट १४-१० जिंकली, विषय संपला.

१९९४. आता पेन स्टेट बिग टेनमध्ये, येऊन दुसरंच वर्ष. एकही मॅच हरली नाही. तिकडे नेब्रास्का पण एकही हरली नाही. पण बिग टेनचा चॅम्पियन म्हणजे रोझ बाउलला जाऊन पॅसिफिक किनाऱ्यावरच्या चॅम्पियनशी खेळणार, १९४७ पासूनचा करार. गेले, ओरेगनला ३८-२० हरवलं. नेब्रास्काने ऑरेंज बाउलमध्ये मायामीला २४-१७ हरवलं. मत नेब्रास्काला. १२-० करून हात हलवत परत. आठ वर्षांपूर्वीसारखे मोकळे असते तर समोरासमोर झाली असती मॅच. लिंकनवाली, तुमच्या त्या तीनपैकी पहिल्यावर आमचा अजून दावा आहे बरं का :)

पैसा मिळाला, स्थैर्य मिळालं, मी नाही म्हणत नाही. पण पिट्सबर्गशी दर वर्षीची मॅच १९९२ नंतर बंद पडली, मधे चार वर्षं, मग पुन्हा २०१६ ते २०१९ चार वर्षं, बस्स. शंभर मॅच झाल्यात दोघांच्या. माझ्या ऑफिसमधले दोन पिटवाले अजून चिडवतात, पण त्यांच्या मुलांना आमच्याशी काही वाकडं नाही. हेच जास्त लागतं.

लिंकनवाली
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. मिझूरीचा_माणूस, ती लाथवाली मॅच आम्ही शेजाऱ्यांकडे बघितली होती, त्यांच्या आजी देवघरात बसल्यासारख्या हात जोडून बसलेल्या.

एक विचारू? कॉन्फरन्सच मोडली तर तिच्या रेकॉर्डचं काय होतं, ते कोणाच्या नावावर राहतात? आमची बिग एटची टायटल आता नक्की कुठे मोजतात?

पुलमनचा_पाव्हणा
याचं उत्तर मी देतो, आमचं घरच जळलंय.

बिग एटचा इतिहास बिग ट्वेल्व्ह आपला मानत नाही. बारापैकी आठ टीम त्याच, पण वही १९९६ ला कोरी करकरीत उघडली. उलट आमच्या पॅक-ट्वेल्व्हने (पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स) १९५९ ला मोडलेल्या जुन्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचा इतिहास आपलाच म्हणून लावून घेतला. म्हणजे नियम वगैरे काही नाही, ज्याच्या हातात ऑफिस तो ठरवतो. तुमची टायटल नेब्रास्काच्या नावावर आहेतच, पण ज्या कॉन्फरन्सची ती होती तिला आता वारसच नाही.

आमच्याकडे २०२२ च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन टीम बिग टेनला जातो म्हणाले. २०२३ च्या उन्हाळ्यात कोलोराडो गेली, मग ऑगस्टमध्ये एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा सगळे पसार, शेवटी स्टॅनफर्ड आणि कॅल अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सला. कॅलिफोर्निया आणि अटलांटिक, हसावं का रडावं. उरले कोण तर आम्ही वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. दोघांनी कोर्टात जाऊन निदान कॉन्फरन्सचा ताबा तरी मिळवला, कारण जाणारे जाता जाता तिजोरीवर पण मत द्यायला बसले होते. आता २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे घेऊन नाव पुन्हा उभं करायचं चाललंय. म्हणजे शंभर वर्षांच्या रोझ बाउलवाल्या कॉन्फरन्सचं नाव आमच्याकडे, आणि जिंकणारे बहुतेक सगळे दुसरीकडे. सातबारा आमचा आणि पीक त्यांचं.

आकडेबाज म्हणतात चांगला कोच मिळाला की झालं. आमचा कोच जेक डिकर्ट २०२४ चा सीझन संपल्यावर वेक फॉरेस्टला गेला. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला. मोठ्या कॉन्फरन्सचा शिक्का नसला की चांगलं माणूस टिकतच नाही, तेव्हा कॉन्फरन्सचा परिणाम नाही असं फक्त आत बसलेला माणूस म्हणू शकतो. त्याच वर्षी ॲपल कपमध्ये (आमची त्यांच्याशी नेहमीची मॅच) वॉशिंग्टनला सिॲटलमध्ये २४-१९ हरवलं तेवढं सुख. पण ती मॅच नोव्हेंबरच्या थंडीतली, सगळ्यात शेवटची, ती सप्टेंबरमध्ये खेळायची म्हणजे दिवाळी जूनमध्ये केल्यासारखं वाटतं.

आकडेबाज
पाव्हणे, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मागे राहिलेल्यांचं गणित वेगळं. मी जाणाऱ्यांबद्दल बोलत होतो.

मूळ कारण एवढंच की १९८४ ला सुप्रीम कोर्टाने एनसीएएच्या हातातून टीव्हीचे हक्क काढले. आणि केस केली कोणी? ओक्लाहोमाने, जॉर्जियाबरोबर! म्हणजे नेब्रास्काशी सत्तर वर्षं खेळणाऱ्यांनीच दार उघडलं. आता बिग टेनचा सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरच्या वर आहे, एवढ्यापुढे १९२८ पासूनची परंपरा कोण बघतो.

बाकी टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम बघा, २०११ ला तुटले, २०२४ ला टेक्सास एसइसीत आली तेव्हा परत खेळले, १७-७. बदल्यांमुळे तुटलेलं बदल्यांमुळेच जोडलं पण जातं.

जुना_हस्कर
जोडलं जातं, जर दोघांची किंमत टीव्हीला असेल तर. १९७१ च्या मॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून आमची ओक्लाहोमाशी २०२१ ला मॅच ठेवली, २३-१६ हरलो, पुढच्या वर्षी लिंकनमध्ये ४९-१४. दोन्ही वेळेला स्टेडियम खचाखच, पण शेजारचा पोरगा विचारत होता की एवढं काय आहे हिच्यात.

ताई, मुलाच्या मित्रांना एक सांगा. १९९७ ला मिशिगन पण न हरलेली आणि नेब्रास्का पण. मिशिगन रोझ बाउलच्या कराराने तिकडे बांधलेली, म्हणून मॅच झालीच नाही, एपीने टायटल मिशिगनला दिलं आणि कोचेसनी नेब्रास्काला. त्यांचं टायटल अर्धं आपल्याकडे आहे. आता दोघे एकाच कॉन्फरन्समध्ये, तेव्हा हलकी कॉन्फरन्स म्हणायच्या आधी ते अर्धं परत मागून दाखवा म्हणावं.

लिंकनवाली
हे सांगितलं मी रात्री फोनवर. तो म्हणाला, "आई, २०२५, लिंकन, मिशिगन ३०-२७." आणि फोन ठेवला. याला काय उत्तर द्यायचं ते पण सांगा कोणीतरी.