एफएफक्यू आहारनोंदीशी जुळली, तरी २४ तासांची लघवी कशाला?

परळची_प्रश्नावली:
मुंबईतल्या ४० ते ६० वयोगटासाठी ११० पदार्थांची फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावली (एफएफक्यू, म्हणजे कोणता पदार्थ किती वेळा खाता ते विचारणारी) केली आहे. तीन दिवसांच्या आहारनोंदीशी ताडून पाहिल्यावर प्रथिनांचा सहसंबंध ०.६ आला. एवढ्यावर भागेल ना? गाइड २४ तासांच्या लघवीवरूनही प्रथिनं तपासा म्हणून मागे लागले आहेत. निधी बेताचा आहे.

वाटी_चमचा:
नाही भागणार. दोन्हीकडे माणूस तोच, वाटी तीच, पोषणमूल्यांचे तक्तेही तेच. स्टेशनबाहेरचा वडापाव जो प्रश्नावलीत लपवतो, तो नोंदवहीतही लपवतो. चुका एका दिशेने गेल्या की सहसंबंध फुगतो. शिवाय सगळ्यांनी २० टक्के कमी सांगितलं तरी सहसंबंध तसाच राहतो, म्हणून ब्लँड-आल्टमन आलेख (दोन पद्धतींच्या आकड्यांतला फरक दाखवणारा) काढाच.

नोंदी कुठल्या दिवसांच्या आहेत? प्रश्नावली वर्षभराचं विचारते आणि नोंदी सगळ्या श्रावणातल्या, असं असेल तर मासे-मटण गायबच होणार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाही तीच गत. नोंदी ऋतूंत विखुरा, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. प्रश्नावली नोंदींच्या आधी एकदा आणि वर्ष संपल्यावर पुन्हा भरून घ्या. आधी पदार्थांची वजनं करून झाली की माणूस जरा जास्तच शहाणा होतो.

सगळ्यात घोळ तेलाचा. फोडणीला ‘दोन चमचे’ म्हणतात, पण चमचा कोणता? स्वयंपाकाआधी आणि नंतर तेलाची बरणी १ ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवा, फरक लिहा. आमटीच्या वाटीत पाणी भरून ते मापून घ्या, घरोघरी वाटी वेगळी असते.

दादर_टीटी:
लघवीचं सांगतो. सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी जमा. विरारहून चर्चगेटला जाणारा ३ लिटरचा कॅन लोकलमध्ये नेणार नाही. कॅन घरी ठेवा, ऑफिससाठी झाकणाची छोटी बाटली द्या, नाहीतर दुपारची लघवी हमखास बुडते.

नमुना पूर्ण आहे का, हे पाबाने (पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, जे बहुतेक सगळं लघवीतून बाहेर पडतं) कळतं. ८० मिलिग्रॅमची गोळी तिन्ही जेवणांबरोबर. एकूण २४० पैकी २०४ मिलिग्रॅम, म्हणजे ८५ टक्के, लघवीत सापडलं तर नमुना धरायचा. रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत पॅरासिटामॉल गोंधळ घालतं, त्या दिवशी घेतलं असेल तर नमुना बाद.

खाल्लेल्या नायट्रोजनपैकी साधारण ८१ टक्के लघवीतून जातो. ८ ग्रॅम मिळाला तर ८ ÷ ०.८१ × ६.२५, म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम प्रथिनं (६.२५ हा नायट्रोजनवरून प्रथिनं काढायचा गुणक). लॅबला ‘एकूण नायट्रोजन’ असं स्पष्ट लिहून द्या. लॅबवाले युरियाचा आकडा पाठवतात आणि तो सरळ सूत्रात घातला की सगळं गणित कोसळतं. वजन उतरत असलेल्यांना किंवा आजारी असलेल्यांना घेऊ नका, त्यांच्यात ८१ टक्के लागू पडत नाही.

परळची_प्रश्नावली:
सगळ्यांची घ्यायची? आणि कॅलरींचं काय?

दादर_टीटी:
सगळ्यांची नको. एक उपगट निवडा, पण प्रत्येकाची दोनदा, वेगवेगळ्या आठवड्यांत. एका दिवसाचा आकडा फार हलतो.

वाटी_चमचा:
डबली लेबल्ड वॉटर (खास समस्थानिकांचं पाणी पाजून खर्च झालेली ऊर्जा मोजायची पद्धत) तुमच्या निधीत बसणार नाही. नोंदवलेली ऊर्जा भागिले बीएमआर (पूर्ण विश्रांतीत शरीर खर्च करतं ती ऊर्जा) काढा. गटाची सरासरी १.३५च्या खाली असेल तर कमी सांगितल्याची दाट शक्यता धरा. मात्र वय-वजनावरून बीएमआर काढणारी स्कोफिल्डची समीकरणं भारतीयांचा आकडा जास्त दाखवतात, त्यात खरं सांगणारेही अडकतात. आणि फळं-भाज्या किती खातात यासाठी रक्तातलं क जीवनसत्त्व घेणार असाल तर त्यावरून फक्त कोण जास्त, कोण कमी एवढंच ठरवा, ग्रॅम काढू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं ते तसंही कमी येतं, त्यांचं विश्लेषण वेगळं करा.