भाच्यासाठी चित्रपटावरून लिहिलेली विज्ञान-कादंबरी सुचवावी (५०० रुपयांपर्यंत)

खानापूरचा मामा: माझा भाचा यंदा अकरावीत गेला असून, मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजी पुस्तक हातात घ्यायला अजून बिचकतो; मात्र चित्रपट आधी पाहिलेला असेल, तर अडखळत का होईना, तो शेवटपर्यंत पोहोचेल असे मला वाटते. म्हणून चित्रपटावरून लिहिलेली एकच विज्ञान-कादंबरी सुचवावी. पाचशे रुपयांच्या वर जाणे शक्य नाही.

निपाणीकर: डोळे झाकून 'फँटास्टिक व्हॉयेज' घ्या. १९६६च्या त्या चित्रपटात सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या शरीरात शिरते, पांढरी पेशी तिला गिळते आणि माणसे तेवढी बाहेर येतात. आत राहिलेले अवशेष मूळ आकाराचे झाले तर रुग्ण वाचेल कसा, हे आयझॅक असिमोव्ह यांना पटेना, म्हणून कादंबरीत त्यांनी ती पेशीच अवशेषांसह डोळ्यावाटे बाहेर आणली. कोल्हापुरात फुटपाथवर घेतलेल्या माझ्या प्रतीची नेमकी शेवटची पाने फाटलेली निघाली, त्यामुळे हा शेवट कळायला मला दोन वर्षे लागली.

शहापूरचा वाचक: पाचशेचा विचार सोडा आणि '२००१: अ स्पेस ओडिसी' घ्या, माझी पुठ्ठा बांधणीची प्रत सोळाशेला पडली, पण एक रुपयाही वाया गेला नाही. चित्रपटात यान गुरूकडे जाते, आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीत शनीकडे, कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी उभी करणे तेव्हा जमले नव्हते.

अनगोळकर: ती चित्रपटावरून लिहिलेली कादंबरी नव्हेच, ती आणि पटकथा बरोबरीने वाढल्या. 'स्टार वॉर्स' घ्यावे. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकास यांचे नाव असले तरी लेखन अॅलन डीन फॉस्टर यांचे आहे. पहिल्या तीन चित्रपटांच्या जुन्या प्रती माझ्याकडे आजही कोऱ्या करकरीत आहेत.

शहापूरचा वाचक: ते पुस्तक नोव्हेंबर १९७६मध्ये आले आणि चित्रपट मे १९७७मध्ये. मग ते तरी आपल्या व्याख्येत कसे बसते?

अनगोळकर: अशी कादंबरी पटकथेवरून लिहितात, त्यामुळे ती पडद्याच्या आधी छापून येऊ शकते.

चिकोडीची ताई: असिमोव्ह निपाणीकरांनी सांगितले आहेतच, मीही तेच सांगेन. माझी फसगत मात्र 'ब्लेड रनर'ने केली. मुखपृष्ठावर चित्रपटाचे नाव पाहून मागवले, तर आत फिलिप के. डिक यांची १९६८ची मूळ कादंबरी निघाली, ज्यात नायकाला बायको आहे आणि गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे. कादंबरी थोरच आहे, पण चित्रपटाच्या आधाराने वाचणारा मुलगा तिच्यात पहिल्या प्रकरणातच चुकेल. आतल्या पानावर पटकथेवर आधारित असल्याचा उल्लेख पाहूनच पैसे द्यावेत.

खानापूरचा मामा: सर्वांचा आभारी आहे. शनिवारी बेळगावात जुन्या पुस्तकांत विल्यम कॉट्झविंकल यांची १९८२ची 'ई.टी.' दीडशे रुपयांना मिळाली. ताईंनी सांगितलेला उल्लेख आत आहे आणि निपाणीकरांचे ऐकून शेवटचे पानही तपासले. ही कोणी सुचवली नव्हती, तरी मी हीच घेतली, कारण चित्रपटात बाहेरून दिसणाऱ्या त्या परग्रहवासीयाचे मन येथे वाचायला मिळते. तो वनस्पतिशास्त्रज्ञ आहे आणि झाडांशी त्याचे बोलणे चालते, तर आमच्या भाच्याचे अर्धे लक्ष सदा घरच्या भाताच्या तरव्यात असते. काल रात्री तो चौथ्या पानावर होता आणि 'बोटॅनिस्ट' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून त्याने समासात मराठी अर्थ लिहिला होता.